लोकलमधलं भांडण आणि पुण्णाची शिडी

लग्नानंतर दादरच्या नायगावातली बीडीडी चाळ सोडून मी नालासोपाऱ्याला आले, त्याला २४ वर्षं झाली. चर्चगेटजवळच्या एका ऑफिसात हिशेब लिहिते. म्हणजे जाऊन-येऊन दिवसाचे तीन तास लेडीज डब्यात. ध्यानाला वेळ मिळत नाही म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी सांगते, वेळ आहे गं, बसायला जागा नाही एवढंच.

मी डब्यात उभ्या-उभ्या रागावरचा जो सराव करते त्याचं मूळ मज्झिम निकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या १४५व्या सुत्तात, म्हणजे पुण्णोवाद या उपदेशात आहे. वडील विहारात वाचून दाखवायचे तेव्हा मी पेंगायचे. पुण्ण नावाचा भिक्खू सुनापरन्त प्रदेशात राहायला निघालाय. परंपरा त्याला सुप्पारकाचा, म्हणजे आमच्या सोपाऱ्याचा मानते. भगवंत बुद्ध त्याला म्हणतात, तिथली माणसं तापट आहेत, फटकळ आहेत. (सकाळच्या गाडीत चढून पाहा, फारसं बदललेलं नाही.)

पहिला आठवडा रागाच्या वाटेला जाऊच नका. नायगाव (दादरचं नव्हे, वसईनंतरचं स्टेशन) ते भाईंदर, एवढंच अंतर घ्या. हातात कडी, पाठीला कुणाची तरी बॅग, मानेवर घाम. प्रत्येकाला मनात एक शब्द द्यायचा: सुखद, दुःखद, नाहीतर ना सुखद ना दुःखद. याला वेदना म्हणतात. पालीत वेदना म्हणजे नुसतं दुखणं नव्हे. मराठीने त्या शब्दाचा एकच तुकडा ठेवून घेतला. खाडीच्या पुलावर वारा येतो. सुखद. आणि लगेच मन म्हणतं, गाडी जरा इथेच थांबावी. ते ‘थांबावी’ पकडायचं. वारा ही वेदना, ‘थांबावी’ ही तण्हा, म्हणजे तृष्णा. पुण्णाला भगवंतांनी आधी हेच सांगितलं: आवडलेल्याला कवटाळलं की नन्दी, म्हणजे त्यात रमणं, उपजते आणि नन्दीच्या मागून दुक्ख येतं.

वारा जमला की टाचेकडे वळा. एकदा मीरा रोडला चढलेल्या एकीने टाच नेमकी माझ्या करंगळीवर ठेवली. कळ दहिसरला थांबली. ‘मुद्दाम केलं हिने’ हे मात्र चर्चगेटला माझ्याबरोबर उतरलं, ऑफिसात शेजारी बसलं, आणि त्या दिवशी मी एका बिलात ६,४०० चे ४,६०० केले. सल्ल सुत्तात दोन बाण सांगितलेत, एक अंगाला लागतो, दुसरा मनाला. मी ते स्टेशनांत मोजते: कळ कुठे उतरली आणि कुरकुर कुठे? वहीत लिहायची गरज नाही, दोन नावं लक्षात ठेवली की झालं. कुरकुर बोरिवलीला उतरली तर तो दिवस चांगला समजायचा.

आता शिडी. भगवंत पुण्णाला विचारतात, लोकांनी शिव्या दिल्या तर? पुण्ण सांगतो, मी म्हणेन, भली माणसं आहेत, हात नाही उचलला. हात उचलला तर? ढेकूळ नाही मारलं. मग काठी, मग शस्त्र, शेवटी जीव; तिथवर आपल्याला जायचं नाही, पहिल्या दोन पायऱ्या पुष्कळ झाल्या. समोरची ‘दिसत नाही का हो मावशी’ म्हणून खेकसली (खेकसण्यापेक्षा ‘मावशी’च जास्त लागतं) की उत्तर तोंडात येण्याआधी मनात म्हणायचं: बोलली, ढकललं नाही. भली आहे. सुरुवातीला हे वाक्य टोमण्याच्याच सुरात येतं. येऊ द्या. तेवढ्यात आवळलेला जबडा लक्षात येतो, आणि तो सैल सोडता येतो. भलेपणा नंतर आला तर आला. दादर आलं की मात्र सराव बंद, तिथे पाय आणि पर्स सांभाळा.

स्टेशनच्या पश्चिमेला सोपाऱ्याचा स्तूप आहे. लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणायचे. १८८२ साली पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी तिथे खोदकाम केलं. एका रविवारी शांतता बघून मी तिथे शिडीचा सराव करायला गेले. काही झालं नाही. चिडवायलाच कोणी नव्हतं.

एक गोष्ट मात्र माझ्या मुलीलाही बजावून सांगितली आहे. कुणी अंगचटीला आलं, कुणी जात काढली, तर तिथे ही शिडी लावायची नाही. ओरडायचं, नाव-नंबर घ्यायचा, तक्रार करायची. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या तळ्यावर गेले ते ‘भली माणसं आहेत’ म्हणत घरी बसण्यासाठी नव्हे. पुण्णही सोसायला म्हणून गेला नव्हता. तो शिकवायला गेला, आणि सुत्त सांगतं की त्याच वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामात, त्याने ५०० उपासक आणि ५०० उपासिका घडवल्या.

माझं म्हणाल तर पहिली पायरी बऱ्यापैकी जमते. दुसरीवर अजून घसरते. काल कांदिवलीला एकीचं कोपर बरगडीत बसलं आणि माझंही तिला बसलं. कुरकुर वांद्र्याला उतरली.