घाटरस्त्यावर जेवायला कुठे थांबावे? या चुका टाळा

डोंगराळ भागातून निसर्ग पाहत गाडीने जायचे ठरले की इंधन, टायर आणि मुक्काम यांची चौकशी आधी होते. जेवणाचा प्रश्न मात्र ‘वाटेत मिळेल काहीतरी’ या भरवशावर सोडला जातो. सपाटीवरच्या महामार्गावर हा भरवसा सहसा खरा ठरतो. घाटात तोच अंगाशी येतो, कारण तिथे भूक लागल्यावर जागा शोधायला निघणे म्हणजे बहुधा उशीर झालेला असणे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे जेवणाचा थांबा किलोमीटरमध्ये मोजणे. नकाशावर ४० किलोमीटरवर गाव दिसते आणि तासाभरात तिथे पोहोचून जेवू, असा हिशेब मांडला जातो. वळणे, चढ, समोरच्या वाहनाला वाट देण्यासाठी थांबणे आणि देखावा पाहण्यासाठी हौसेने घेतलेले थांबे धरले, तर त्याच अंतराला दोन तासही लागू शकतात. तोवर लहान गावातील खाणावळीने दुपारचा स्वयंपाक आवरलेला असतो आणि चूल पुन्हा पेटायला संध्याकाळ होते. म्हणून थांबा घड्याळ पाहून ठरवावा आणि तो दुपारच्या वेळेच्या थोडा आधीच घ्यावा. पर्यायी जागाही हेरून ठेवावी, पण ती घाटाच्या अलीकडची असावी. पलीकडची जागा बंद निघाली तर परत फिरणेही अवघड होते.

दुसरी चूक नकाशाच्या अ‍ॅपवर डोळे झाकून विश्वास ठेवण्याची. तिथे ‘सुरू आहे’ असे दिसणारी खाणावळ हंगाम संपल्यामुळे बंद असू शकते आणि हे कळेपर्यंत मोबाइलची रेंजही गेलेली असते. नकाशा आदल्या रात्रीच उतरवून घ्यावा आणि निघण्यापूर्वी फोन करावा. फोनवर दुकान किती वाजता बंद होते हे न विचारता स्वयंपाक किती वाजता थांबतो हे विचारावे, कारण या दोन वेळा क्वचितच एक असतात. कार्डाचे यंत्रही रेंजवरच चालते, त्यामुळे रोख रक्कम जवळ हवीच.

केवळ देखाव्यावरून खाणावळ निवडणे हा मोह समजण्यासारखा आहे, तरी तो टाळलेला बरा. दरीच्या काठावरच्या जागेला रोज नवा प्रवासी मिळतो. गावातल्या जागेला मात्र उद्याही त्याच गिऱ्हाइकांसमोर उभे राहायचे असते. देखावा दहा मिनिटे उभे राहूनही पाहता येतो. ज्या ठिकाणी गावकरी आणि रोज त्या वाटेने जाणारे चालक जेवत असतात, तिथे अन्न पडून राहत नाही. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले की त्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून समोर गरम करून मिळेल तेच मागवावे. घरून आणलेल्या डब्यालाही हाच नियम लागू होतो. तो दोन तासांच्या आत आणि ३२ अंशांपेक्षा अधिक उष्म्यात तासाभरातच संपवावा.

अन्न यायला उशीर झाला म्हणून स्वयंपाक्यावर चिडण्यात अर्थ नाही. दर ३०० मीटर उंचीमागे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. २,००० मीटरवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळते आणि धान्य शिजायला अधिक वेळ लागतो. पिण्याचे पाणी उकळून घेताना एरवी खळखळून एक मिनिट पुरते, या उंचीच्या वर मात्र तीन मिनिटे द्यावीत.

गाडी लागणाऱ्यांच्या बाबतीत चूक दोन्ही बाजूंनी होते. कोणी उपाशी बसते, कोणी पोटभर तेलकट खाऊन लगेच वळणांना लागते. दोन्हींमुळे मळमळ वाढते. डोळ्यांना गाडीचा आतला भाग स्थिर दिसतो आणि आतल्या कानाला हालचाल जाणवते, या विसंगतीतून हा त्रास उद्भवतो. त्यामुळे वळणे सुरू होण्याच्या तासभर आधी हलके खावे, पुढे बसावे आणि नजर दूरच्या रस्त्यावर ठेवावी. गोळी घ्यायची असेल तर त्रास सुरू होण्याआधी घ्यावी. अशा अनेक गोळ्यांनी झोप येते, तेव्हा चालकाने ती टाळावी. दुपारी शरीर स्वभावतःच सुस्तावते, म्हणून चालकाने जेवणही बेतानेच करावे.

एवढे करूनही सगळे बंद सापडले, तर पुढच्या गावाच्या आशेने वेग वाढवू नये; शेवटची उघडी दिसलेली जागा जवळ असेल तर तिथेच परतावे, नाहीतर किराणा दुकानातील कोरड्या जिनसांवर वेळ निभावून न्यावी. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्याने खाऊची हवाबंद पाकिटे फुगलेली दिसतात. कोरड्या खाऊचे पाकीट केवळ त्यामुळे खराब ठरत नाही. फुगलेला पत्र्याचा डबा मात्र उघडूसुद्धा नये.