पर्वतलहरी समजून घेताना या चुका टाळा

पर्वतलहरी म्हणजे डोंगर ओलांडणाऱ्या हवेत उठणाऱ्या वर-खाली लाटा. डोंगराने वारा वर ढकलला की लाट तयार झाली, असं सर्रास लिहिलं जातं. पुढचे बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतात. डोंगर फक्त धक्का देतो. लाट व्हायची तर चढलेली हवा परत खाली यायला हवी, आणि त्यासाठी वातावरण स्थिर असावं लागतं. चढणारी कोरडी हवा किलोमीटरमागे ९.८ अंश सेल्सिअसने थंड होते. भोवतालचं तापमान तेवढ्याच उंचीत ६.५ अंशांनीच उतरत असेल, तर ही हवा शेजारच्या हवेपेक्षा ३.३ अंश थंड, म्हणून जड ठरते. ती खाली येते, वेगाच्या भरात मूळ पातळीच्याही खाली जाते, तिथे आजूबाजूपेक्षा उबदार होऊन पुन्हा वर चढते. म्हणून पावसाळ्यात सह्याद्रीवर उभे वाढणारे ढग दिसले की लगेच ‘पर्वतलहरी’ म्हणू नका; ते अस्थिर हवेचं लक्षण आहे.

डोंगर जितका उंच तितकी लाट लांब, हेही चूक. हवेच्या एका हेलकाव्याला साधारण दहा मिनिटं लागतात. वारा सेकंदाला २० मीटर असेल, तर तेवढ्यात हवा १२ किलोमीटर पुढे जाते; तीच साधारण तरंगलांबी. उंचीचा संबंध मुख्यतः लाट किती जोरकस होईल याच्याशी.

लाटेच्या माथ्यावर तयार होणारा भिंगाच्या आकाराचा ढग तासन्‌तास एकाच जागी दिसतो, म्हणून तिथे वारा नाही असं समजू नका. वाऱ्याकडच्या कडेला नवे थेंब तयार होत असतात, दुसऱ्या कडेला विरत असतात. हवा त्यातून सुसाट जात असते.

आणि ढगच नसेल तर? लाट तरीही असू शकते. हवा कोरडी असली की ती दिसत नाही, एवढंच. ही चूक जिवावर बेतते. ५ मार्च १९६६ रोजी जपानमध्ये फुजी पर्वताजवळ स्वच्छ आकाशात एक बोइंग ७०७ प्रचंड हेलकाव्यांत सापडून हवेतच तुटलं. १२४ जण गेले. पर्वताच्या वाऱ्याआडच्या बाजूला निरभ्र दिवशीही सावध राहावं लागतं, ते यासाठी.

लाट शिखराच्या जरा वर जाऊन संपते, असंही गृहीत धरू नका. वरची हवा विरळ, त्यामुळे वर जाताना हेलकावा मोठा होत जातो. अर्जेंटिनात अँडीजच्या लाटांवर स्वार होऊन २०१८ मध्ये ‘पर्लन २’ हे बिनइंजिनाचं ग्लायडर ७६,००० फुटांच्या वर पोहोचलं.