खंजिरीतली शिट्टी कशी घालवली

आमच्या अमरावतीकडच्या गावात खंजिरी म्हणजे जीव. तुकडोजी महाराजांची मोझरी जवळच. वाजवणाऱ्या काकांचा हात आता दुखतो, म्हणून त्यांचा ठेका मी सॅम्पलर पॅडमध्ये, म्हणजे थाप मारली की भरलेला आवाज वाजवणाऱ्या यंत्रात, भरला. पहिल्याच भजनाला काका म्हणाले, "बापू, हे खंजिरी शिट्टी काऊन मारून रायली?"

खरंच, खंजिरीच्या कडेच्या धातूच्या चकत्यांच्या छनछनाटात बेसूर शिट्टी होती. मूळ रेकॉर्डिंगमध्ये नव्हतीच.

कारण सापडायला दोन रात्री गेल्या. रेकॉर्डिंग सेकंदाला 44,100 नमुन्यांचं होतं, म्हणजे दर सेकंदाला आवाजाची तितकी मोजमापं. पॅडमध्ये जागा कमी, म्हणून मी एकाआड एक नमुना उडवून 22,050 केले. इथेच घात झाला. नमुन्यांच्या दराच्या निम्म्यापर्यंतचीच कंपनं नीट नोंदली जातात, म्हणजे इथे 11,025 हर्ट्झ (सेकंदाला तितकी कंपनं). चकत्यांचा आवाज त्याच्या वर जातो. आणि वरचं नाहीसं होत नाही, उलटून खाली येतं: 14,000 हर्ट्झचा सूर 8,050 वर ऐकू येतो. एकदा मिसळला की वेगळा काढता येत नाही, म्हणून मूळ फाइल जपाच.

ती पुन्हा घेतली, आधी लो-पास फिल्टरने 10,000 च्या वरचं कापलं, मग दर उतरवला. शिट्टी गेली, पण चकत्यांची धारही बोथटली. ते मला पटेना. शेवटी काकांनी चकत्या दाबून नुसती चामड्यावरची थाप दिली, ती 22,050 वर ठेवली. चकत्या मात्र पूर्ण 44,100 वर. 16 बिटचा एक सेकंद 88,200 बाइट खातो, म्हणून तबल्याचे दोन बोल काढून टाकले.

काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि दुखऱ्या हातानेच ताल धरला.