सिंकचं पाणी जातं कुठे? बीट टाकून बघा
नकाशावर सिंकचं पाणी ड्रेनेज लाइनला जातं. प्रत्यक्षात प्लंबरने बऱ्याचदा जवळ दिसेल तो पाइप गाठलेला असतो. खात्री करून घ्या. बीट उकडलेलं लालभडक पाणी सिंकमध्ये ओता, वरून बादलीभर पाणी सोडा आणि एकाला खाली चेंबरपाशी उभं करा. झाकण काढल्यावर लगेच वाकू नका, आतला वायू निघून जाऊ द्या. आमच्याकडे लाली चेंबरमध्ये आलीच नाही, पावसाळी गटारात उतरली! म्हणजे खरकटं पाणी शुद्धीकरणाशिवाय थेट नाल्यात. पुण्यात आमचा नाला मुठेला मिळतो, मुळा-मुठा पुढे भीमेला, आणि भीमेवर उजनी धरण. सोलापूरला पिण्याचं पाणी तिथूनच जातं. जोडणी बदलून होईपर्यंत निदान कढईतलं तेल कागदाने पुसून घ्या, मगच ती सिंकमध्ये ठेवा.