‘किरकोळ’ लिहिलेली फाइल आधी उघडा

आमच्या नानांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, कपाट बघून कुणालाही हेवा वाटला असता. चौदा फायली, प्रत्येकीच्या पाठीवर सुवाच्य अक्षरात नाव. ते गेल्यावर घराचं खरेदीखत ‘घर’ लिहिलेल्या फायलीत नव्हतं, ‘सोसायटी’तही नव्हतं. ते सापडलं ‘किरकोळ’ नावाच्या फायलीत, मिक्सरच्या वॉरंटी कार्डाला टाचलेलं. नानांच्या हिशोबानं सगळं जागच्या जागी होतं, फक्त ती जागा त्यांनाच ठाऊक होती. तेव्हा आपल्यामागे घरच्यांना लागणाऱ्या कागदांची तयारी करताना फाइल उघडणारे तुम्ही नसणार, हे धरूनच बसा.

एक शनिवार मोकळा ठेवा आणि सुरुवात फायलींपासून नाही, एका फुलस्केप कागदापासून करा. कोणत्या बँकेच्या कोणत्या शाखेत काय आहे, खातं एकट्याचं की जोडीनं, नॉमिनी कोण, मूळ कागद कुठे आहे आणि अडलं तर फोन कुणाला करायचा, एवढंच त्यावर. खात्याचे शेवटचे चार आकडे पुरतात. पासवर्ड आणि पिन इथे नकोत. घरात पैशाचं जो बघतो त्यानं लिहावं आणि जो बघत नाही त्यानं वाचून प्रश्न विचारावेत. आमच्याकडे मी विचारत होते आणि हे उत्तरं देत होते. तिसऱ्या ओळीला पहिलं भांडण झालं.

मग दवाखान्याचं बघा, कारण रात्री दोन वाजता लागतो तो कागद हा. रक्तगट, चालू गोळ्या आणि त्यांचे डोस, कशाची ॲलर्जी, नेहमीचे डॉक्टर, मेडिक्लेमचा नंबर आणि १०८ हे सगळं एका कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावा. मेडिक्लेमचं कार्ड दोघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या. ते ज्याचं त्याच्याच फोनमध्ये असेल तर तो बेशुद्ध असताना उपयोग शून्य. यंत्रांवर ठेवू नका असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी ते नुसतं बोलून दाखवू नये. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अशा आगाऊ लेखी सूचनेला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ती नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येते.

आता नको असलेला विषय. माणूस गेल्यावर पुण्यात वैकुंठ स्मशानभूमीत न्यायच्या आधी मयत पास लागतो आणि त्या धांदलीत जो पुढे होऊन नाव सांगतो, त्यानं सांगितलेलं नाव पुढे सगळीकडे चिकटतं. आमच्या धाकट्या दिरांनी घरात रुळलेलं नाव सांगितलं. आधारवर वेगळं, पेन्शनच्या कागदावर तिसरंच. दुरुस्तीला महिने गेले. म्हणून प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स त्या फुलस्केपलाच टाचून ठेवा आणि नाव सांगायचं ते त्यात बघूनच सांगा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. दाखला हातात आला की दहा प्रती घ्या. चार पुरतील असं वाटतं, पुरत नाहीत.

नावाचं प्रकरण इथे संपत नाही, आणि मराठी घरांत तर ते बायकांच्याच माथी येतं. आमच्या सासूबाईंची जुन्या मॅट्रिकच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर आणि बँकेत मिळून तीन नावं निघाली: माहेरचं, लग्नात तांदळात कोरलेलं आणि दोन्हींची सरमिसळ. शिवाय दत्तात्रय की दत्तात्रेय, आडनावात ‘कर’ जोडून की तोडून, वडिलांचं नाव पूर्ण की नुसतं आद्याक्षर, हे वेगळंच. सगळे कागद एका टेबलावर पसरून प्रत्येकावरचं नाव पॅनकार्डाशी जुळवून बघा. जिथे जुळत नाही तिथे बॉलपेननं खूण करा. बँकेतलं, आधारवरचं बदलता येतं ते आत्ताच बदला. नावच मुळात बदललं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करून घेता येतं आणि तो एक कागद मग सगळीकडे चालतो. ज्याचं नाव आहे तो माणूस समोर असताना या कामाला एक सही लागते. तो नसताना प्रतिज्ञापत्रं लागतात, आणि शंभरच्या स्टँपचे दिवसही ऑक्टोबर २०२४ मध्ये संपले, आता ५०० चा.

मोबाइलचं कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. नानांच्या फोनचा पॅटर्न कुणालाच माहीत नव्हता आणि ‘आता कशाला रिचार्ज’ म्हणून आम्ही सिम बंद पडू दिलं. वीजबिल, गॅस, बँकेचे संदेश, म्युच्युअल फंडाचं खातं, सगळ्याचे ओटीपी त्या नंबरवर. सिम निदान वर्षभर चालू ठेवा. फोन उघडायचा आकडा बंद पाकिटात घालून, चिकटवलेल्या जागी सही करून, फायलीत ठेवा. मात्र गेलेल्या माणसाच्या एटीएम कार्डानं पैसे काढू नका. भावंडांतले निम्मे वाद तिथून सुरू होतात. आणि मुखत्यारपत्र आहे म्हणून निर्धास्त असाल तर ते देणारा गेला की मुखत्यारपत्रही संपतं.

पैशांच्या कागदांत पासबुक छापून आणणं हे पहिलं काम. त्यात ४३६ रुपये किंवा २० रुपये कापल्याची ओळ शोधा, बहुधा मे महिन्यात दिसेल. पहिली सरकारी जीवनज्योती विम्याची, दुसरी सरकारी अपघात विम्याची. दोन्हींचं संरक्षण दोन लाखांचं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचे यजमान गेले तेव्हा विमा आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, ती ४३६ ची ओळ पासबुकात होती म्हणून पैसे मिळाले. नोकरी करणाऱ्यांनी पीएफचं ई-नॉमिनेशन आज संध्याकाळीच बघावं. लग्नाआधी आईचं नाव घातलेलं आणि नंतर तिकडे कुणी फिरकलेलं नाही, असं सर्रास असतं. पीएफला जोडून सात लाखांपर्यंतचा विमाही असतो, तोही फुलस्केपवर लिहा. एफडीच्या पावत्या बघताना पतसंस्था आणि बँक यांची वेगळी यादी करा. बँक बुडाली तर एका ठेवीदाराला एका बँकेमागे पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, मग ती सहकारी बँक का असेना. पतसंस्थेला ते नाही, आणि ‘आपल्याच ओळखीतले आहेत’ हा विमा नव्हे. दहा वर्षं हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. त्यांचा शोध रिझर्व्ह बँकेच्याच उद्गम पोर्टलवर घेता येतो. आजोबांच्या नावानं एकदा शोधून बघाच.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, ठेवींना कुणाला किती टक्के हेही ठरवता येतं. सोय चांगली आहे, पण तिनं एक गैरसमज चौपट होण्याची भीती वाटते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याच्या हाती पैसे देते आणि मोकळी होते. ते कुणाचे हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. शेअर्सबद्दलही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. सोसायटीतही नॉमिनी आधी तात्पुरता सभासद होतो. आणि मृत्युपत्र नसेल तर? हिंदू वारसा कायद्यानं पुरुषाच्या मागे बायको आणि मुलं-मुली यांच्या बरोबरीनं त्याच्या आईलाही तेवढाच वाटा आहे. तरुण मुलगा गेल्यावर सासू-सून दोघींनाही हे बँकेच्या काउंटरवर कळतं, यासारखी वाईट जागा नाही.

तर मृत्युपत्र. साधा कोरा कागद चालतो, स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण करून टाकलेली बरी. दोन साक्षीदार हवेत आणि त्यांच्यासमोर सही करायची. साक्षीदार तुमच्याहून लहान वयाचे निवडा (आमच्या ओळखीत एकांचे दोन्ही साक्षीदार आधी गेले) आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला बसवू नका. वय झालं असेल तर त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडा. आणि मृत्युपत्र बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका! लॉकर कुणी उघडायचा हे ज्या कागदावरून कळणार, तोच आत.

घराच्या फायलीत खरेदीखत, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडचा दस्ताचा गोषवारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, ताबापत्र, मिळकतकराची शेवटची पावती आणि कर्ज फिटलं असेल तर बँकेचं तसं पत्र. मूळ खरेदीखत हरवलं तर दुय्यम निबंधकाकडून नोंदणीकृत दस्ताची नक्कल मिळते, फक्त दस्त क्रमांक आणि साल फुलस्केपवर असू द्या. गावाकडे मुळशीला, पुरंदरला, कुठेही शेत असेल तर ताजा सातबारा काढा आणि त्यावर अजून पणजोबांचं नाव नाही ना ते बघा. वारस नोंदीचा अर्ज मृत्यूनंतर तीन महिन्यांत करायचा असतो. आमच्याकडे तो दोन पिढ्या राहिला होता.

वाहनांची आरसी, हयातीचा दाखला, पोस्टातली सर्टिफिकिटं यांना प्रत्येकी एक पाकीट पुरे. कागदी शेअर्स असतील तर वाट बघत बसू नका, डीमॅट करून टाका, म्हणजे कागदाऐवजी ते इलेक्ट्रॉनिक खात्यात येतात.

ही सगळी मूळ कागदपत्रं चेनच्या जाड प्लॅस्टिक पिशवीत घाला आणि पिशवी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांत माझ्या आजोळचे वाड्याचे कागद गेले, त्यावरून पुढची वीस वर्षं कोर्टात गेली. हे जुनं झालं म्हणाल तर २५ सप्टेंबर २०१९ ची आंबील ओढ्याच्या पुराची रात्र आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर पाण्यात गेलेली एकतानगरी आठवा. तळमजल्यावर राहत असाल तर स्कॅन केलेला एक संच परगावच्या मुलीकडे किंवा भावाकडे असू द्या. आधार, पॅन, आरसी डिजिलॉकरमध्ये येतात. खरेदीखत तिथे आपोआप येत नाही.

शेवटी परीक्षा. मी यांना खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, मी नाहीये असं समजा, माझी मेडिक्लेमची पॉलिसी काढून दाखवा. चाळीस मिनिटांनी त्यांनी विजयी चेहऱ्यानं वॉशिंग मशीनची पावती आणली. फुलस्केप पुन्हा लिहिला. दुसऱ्या वेळी सहा मिनिटं लागली. आता सासूबाईंनी पिशवीवर त्यांच्या हातानं चिठ्ठी चिकटवली आहे, खाली तारीख घातली आहे आणि दर दिवाळीच्या साफसफाईत ती उघडायची असं ठरलं आहे. पिशवी नेमकी कुठे आहे ते घरातल्या तिघांना आणि नणंदेला माहीत आहे. इथे लिहीत नाही.