गच्चीवर पाऊस मोजायचा कसा, आणि वहीत उतरवायचा कसा

आमच्या घरी दर गणपतीत एक भांडण ठरलेलं असायचं. सासरे म्हणायचे, "गेल्या वर्षी मूर्ती आणताना पाऊस होता, वर प्लॅस्टिक धरून आणली." नवरा म्हणायचा, "छे बाबा, ते त्याच्या आधीच्या वर्षी. गेल्या वर्षी कडकडीत ऊन होतं." दोघंही अगदी देवाशपथ सांगणारे. पावसाच्या बाबतीत माणसाची आठवण बेभरवशाची. भिजलेला दिवस लक्षात राहतो, त्याचं वर्ष राहत नाही.

शेवटी मी एक बाटली कापली आणि एक दोनशे पानी वही आणली. आता भांडण निघालं की वही काढायची. पाऊस मोजणं फार सोपं आहे, पण बाटली, जागा आणि वेळ या तिन्हींत नवशिके चुकतात. मीही चुकले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बाटली

दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्या. कंबर बारीक असलेली नको, मधला भाग नळकांड्यासारखा सरळ हवा. वरचा उतार जिथे संपतो आणि सरळ भिंत सुरू होते, तिथून कटरने गोल कापा. कापलेला वरचा भाग झाकण काढून उलटा करा, खालच्या भागात नरसाळ्यासारखा बसवा आणि कडेने चिकटपट्टी लावा. या नरसाळ्याचे दोन उपयोग: आत पडलेला थेंब उडून बाहेर जात नाही, आणि साठलेलं पाणी दुपारच्या उन्हात लगेच आटत नाही.

आता तळ. या बाटल्यांचा तळ पाच पाकळ्यांचा, उंचसखल असतो. तिथून मोजायला गेलात तर पहिले दोन-तीन सेंटिमीटर खोटे. म्हणून तळाशी मूठ-दोन मुठी खडे टाका आणि पाकळ्या पूर्ण बुडून सरळ भिंत लागेपर्यंत पाणी ओता. त्या पाण्याच्या पातळीवर मार्करने रेघ मारा. हे तुमचं शून्य. खड्यांच्या वजनाने बाटली वाऱ्यात आडवीही होत नाही.

मोजपट्टी या रेघेपासून वर, बाहेरून उभी चिकटवायची. इथे एक बारीक गोष्ट आहे. शाळेच्या प्लॅस्टिकच्या पट्टीत शून्य अगदी टोकाला नसतं, आधी चार-पाच मिलिमीटर कोरी जागा असते. पट्टीचं टोक नाही, पट्टीवरचं शून्य रेघेला लावा. मी पहिल्या वर्षी टोक लावलं होतं, आणि जूनचे पहिले दहा-बारा दिवस आमच्या गच्चीवर सगळ्या गावापेक्षा कमी पाऊस पडत होता.

आता सगळ्यांना पडणारा प्रश्न: एवढ्याशा बाटलीत सगळ्या परिसराचा पाऊस कसा कळणार? पाऊस आपण लिटरमध्ये नाही, उंचीत मोजतो. जमिनीवर पडलेलं पाणी वाहिलं नाही, मुरलं नाही, तर किती उंच साचेल तेवढे मिलिमीटर. भांड्याचं तोंड आणि पोट सारख्याच रुंदीचं असेल तर ताटलीएवढ्या डब्यात आणि पिंपात आकडा एकच येतो. बादली मात्र चालत नाही, कारण ती खाली निमुळती असते आणि पाऊस वाढवून सांगते.

ज्यांना दशांशाची हौस आहे त्यांनी ११.३ सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं आणि औषधाच्या दुकानातलं मापाचं भांडं घ्यावं. त्या नरसाळ्याचं तोंड बरोबर १०० चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणजे १० मिलिलिटर पाणी जमलं की १ मिलिमीटर पाऊस.

जागा

उघड्यावर, आडोशापासून लांब. नियम असा की जवळची भिंत, टाकी किंवा झाड जितकं उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक ठेवावं. गच्चीवर कठड्याला टेकून ठेवू नका. तिथे वाऱ्याचा भोवरा होतो आणि थेंब बाटलीच्या तोंडावरून निघून जातात. गच्चीच्या मध्यावर, दोन-तीन विटांच्या चौकटीत घट्ट बसवून, तोंड जमिनीपासून फूटभर उंच राहील असं ठेवा. त्याहून खाली असेल तर फरशीवरून उडालेले शिंतोडे आत जातात.

आणि वर बघा. मी वर बघितलं नव्हतं. एका सकाळी बाटलीत तब्बल चाळीस मिलिमीटर, आणि रात्रभर तर आभाळ चांदण्यांनी भरलेलं. सोसायटीच्या टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप नेमका आमच्या मापकाच्या डोक्यावर होता. वॉचमनकाकांनी विचारलं, "ताई, ही बाटली टाकीचं पाणी मोजायला ठेवलीय का?" तेव्हापासून बाटलीवर मोठ्या अक्षरांत "पाऊस मोजणी, हलवू नये" लिहिलंय. काकांना आधी सांगून ठेवा. नाहीतर गच्ची झाडताना पहिली उचलली जाते ती हीच.

गच्ची नसेल, नुसती गॅलरी असेल तर मोजण्याच्या फंदात पडू नका. गॅलरीत पाऊस तिरका येतो किंवा येतच नाही. वहीचा बाकीचा भाग मात्र तुम्हालाही जमेल.

सकाळी साडेआठ

आपलं हवामान खातं दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं. साडेआठच का? तेव्हा ग्रीनिचला पहाटेचे तीन वाजलेले असतात, आणि जगभरची हवामान केंद्रं त्याच ठरलेल्या घटकेला नोंदी घेतात. आपणही तीच वेळ धरली तर आपला आकडा पेपरातल्या आकड्याशी ताडून बघता येतो.

बाटली न हलवता, डोळे पाण्याच्या पातळीला आणून वाचा. म्हणजे खाली बसा, वरून वाकून बघू नका. कडेला पाणी जरा वर चढलेलं दिसतं, ते सोडा आणि मधली खालची पातळी धरा. आकडा लिहा, पाणी ओता, पुन्हा शून्याच्या रेघेपर्यंत भरा. कोरड्या दिवसांत ते तळचं पाणी आटतं, म्हणून पाऊस नसला तरी एक-दोन दिवसांनी रेघ तपासायची.

आज सकाळी लिहिलेला आकडा हा काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंतचा. तो आजच्याच तारखेला लिहायचा. २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस सगळ्यांना आठवतो. सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर हा आकडा २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचा आहे. त्याच चोवीस तासांत कुलाब्यात पाऊणशे मिलिमीटरसुद्धा नव्हता. एकाच शहरात! म्हणून पेपरात "पुण्यात इतका" असं छापून आलं आणि तुमच्या बाटलीत निम्माच असला, तर बाटलीवर शंका घेऊ नका. सह्याद्रीच्या आसपास तर हा फरक रोजचाच. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो, आणि घाट उतरून वाईत आलं की त्याचा पाचवा हिस्साही नसतो.

तीन सवयी लावून घ्या. पाऊस पडला नाही तर ० लिहा, आणि बघायचं राहिलं तर आडवी रेघ मारा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन दिवस गावाला गेलात तर आल्यावर "दोन दिवस मिळून ३१" असं लिहा, अंदाजाने वाटणी करू नका. आणि दोन लिटरच्या बाटलीत दीड-पावणेदोनशे मिलिमीटरच मावतात, तेव्हा आभाळ फाटलंय असं वाटलं की मध्येच मोजून रिकामी करा. सकाळी बेरीज.

आकड्यांना अर्थ यावा म्हणून खात्याची मापं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. २.५ मिलिमीटर झाला तरच तो दिवस पावसाचा धरतात. १५.५ पर्यंत हलका, ६४.४ पर्यंत मध्यम, ६४.५ पासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. टीव्हीवरचा माणूस छत्री उलटी करून ओरडत असतो तेव्हा निम्म्या वेळा प्रत्यक्षात मध्यमच असतो, हे वही ठेवायला लागल्यापासून कळलं.

शब्दाचा रकाना

मला या वहीतला सगळ्यात आवडता रकाना हा. वीस मिलिमीटर अर्ध्या तासातही पडतो आणि दिवसभरातही. पहिल्याने रस्त्याची नदी होते, दुसऱ्याने भाताचं रोप खूश होतं. बाटलीला दोन्ही सारखेच. हा फरक शब्दच सांगतो, आणि आपल्याकडे शब्दांना तोटा नाही.

भुरभुर म्हणजे चष्मा पुसावा लागतो, छत्री नाही. रिमझिम तुम्हाला माहीतच आहे. पिरपिर आणि रिपरिप हे वैतागाचे शब्द आहेत, चिखल आणि वास धरलेले टॉवेल त्यात आलेच. सर येते आणि जाते. संततधार थांबत नाही पण अंगावरही येत नाही. झड लागली की दोन-चार दिवस सूर्य विसरा. मुसळधार शब्द उठसूट वापरू नका, पत्र्याच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसेल तरच लिहा. वळीव एप्रिल-मेचा, दुपारनंतरचा, धूळ आणि वीज घेऊन येणारा. पुण्यात तो बऱ्याचदा पूर्वेकडून काळं होऊन येतो, तर पावसाळ्यातले ढग पश्चिमेकडून. म्हणून ढग कुठून आले तेही एका अक्षरात लिहा, "पू" किंवा "प". ऑक्टोबरात "पू" पुन्हा दिसायला लागला की परतीचा पाऊस सुरू झाला असं समजा. आणि पाऊस थांबला तर "उघडीप" लिहायला विसरू नका. कपडे वाळत घालणाऱ्या बाईला तो सगळ्यात मोठा शब्द आहे.

घरातली एक ओळ

रोज एकच ओळ. घरात हवेने काय केलं ते. आमच्या वहीतल्या काही अशा:

"बाथरूमचं दार फुगलं, खांद्याने ढकलावं लागतं."
"जीन्स तिसऱ्या दिवशीही ओली. इस्त्रीने वाळवली, वास तसाच."
"दिव्याभोवती पंखवाली वाळवी. दिवे घालवून अंधारात जेवलो."
"बाबांना कुळथाचं पिठलं हवं झालं."

यातल्या बऱ्याच ओळी दमटपणाचं माप असतात. मीठच बघा. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. खडेमीठ तर त्याही आधीच ओलं होतं. म्हणजे मिठाची बरणी हेच घरातलं दमटपणा सांगणारं यंत्र. आमच्याकडे मीठ चमच्याला चिकटलं की एक टिंब, गोळा झालं की दोन, बरणीच्या तळाशी पाणी सुटलं की तीन. तीन टिंबांच्या दिवशी पापड तळून डब्यात ठेवायचे नाहीत, तळायचे आणि खायचे.

नक्षत्राचा रकाना

हा सासऱ्यांच्या हट्टाने आला. सूर्याला एक नक्षत्र ओलांडायला तेरा-चौदा दिवस लागतात. मृग ७-८ जूनच्या सुमारास, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असं करत स्वाती ऑक्टोबरच्या अखेरीला. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा. कॅलेंडरात नक्षत्राशेजारी वाहनही छापलेलं असतं: बेडूक, म्हैस, हत्ती असले तर पाऊस भरपूर, गाढव, कोल्हा असले तर बेताचा, अशी समजूत. वाहन पंचांगाच्या गणिताने ठरतं, ढग बघून नाही, त्यामुळे माझा त्यावर विश्वास नाही. पण पंधरवड्याचा हिशेब करायला नक्षत्र फार सोयीचं आहे. "जुलैचा दुसरा आठवडा" कुणाच्या लक्षात राहत नाही, "तरण्यात दणकून पडला" हे राहतं. नक्षत्र संपलं की बेरीज करा, वाहनाशेजारी लिहा, आणि सासऱ्यांना दाखवा. म्हशीने दगा दिला की ते म्हणतात, "कोकणात पडला असेल."

बेरजेचं काय करायचं

१ जून ते ३० सप्टेंबर ही पावसाळ्याची बेरीज. त्याआधीचा वेगळा लिहा, कारण पाऊस कॅलेंडर बघून येत नाही. मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख ११ जून, आणि २०२५ मध्ये तो २६ मेलाच हजर होता.

एक हिशेब सोसायटीच्या मीटिंगसाठी देते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तीन हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे साधारण २७९ चौरस मीटर. तिच्यावर ३६ मिलिमीटर पाऊस झाला की दहा हजार लिटर, अख्खा एक टँकर, पाइपातून गटारात जातो. मी हा आकडा मीटिंगमध्ये वाचला तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, पुढचा विषय घेऊ." टँकरचं बिल हाच पुढचा विषय होता.

दिवाळीनंतरही बाटली काढून ठेवू नका, अवकाळी त्याच वेळी गाठतो. फक्त महिन्यातून एकदा आतलं शेवाळ बाटलीच्या ब्रशने घासून काढा, नाहीतर पाण्याची पातळी नीट दिसत नाही.

गेल्या नोव्हेंबरात मी आठ दिवस माहेरी गेले होते. परत आल्यावर वही उघडली तर एकही आडवी रेघ नव्हती. गुडघे दुखतात म्हणून लिफ्टशिवाय खाली न उतरणारे सासरे रोज एक जिना चढून गच्चीवर जात होते. आठ दिवस, थरथरत्या अक्षरात: "०. ०. ०. ० (पण पूर्वेला ढग आहे). ०. ०. ०. ०, मीठ कोरडं."