फंक्शनल मेडिसिनची वाट धरताना या चुका टाळा: गडबड बहुतेकदा क्रमात असते

फंक्शनल मेडिसिनचा मूळ प्रश्न चांगला आहे. साखर, थायरॉइड, पोट, सांधे अशी वर्षानुवर्षे रेंगाळणारी दुखणी घेऊन कोणी आले, तर लक्षणापुरती गोळी देऊन थांबायचे नाही. आहार, झोप, हालचाल, ताण, चालू औषधे यांत मुळाशी काय बिघडले आहे ते शोधायचे. जेफ्री ब्लँड यांनी १९९१ मध्ये अमेरिकेत या विचाराची संस्था काढली आणि २०१४ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकने त्यासाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. तरीही या वाटेने गेलेल्या कितीतरी जणांच्या हाती काही महिन्यांनी पिशवीभर सप्लिमेंट्स आणि चार पदार्थांवर आलेला आहार उरतो, दुखणे मात्र तेच असते. माझ्या मते यात उपाय चुकण्यापेक्षा क्रम चुकण्याचा वाटा मोठा आहे.

ग्लुटेन आधी बंद, तपासणी नंतर

सगळ्यात जास्त दिसणारी आणि नंतर निस्तरायला सगळ्यात अवघड अशी ही चूक. पोट फुगते, थकवा येतो, म्हणून गहू, म्हणजेच त्यातले ग्लुटेन नावाचे प्रथिन, बंद केला. बरे वाटले. मग दोन-तीन महिन्यांनी सीलिअॅक (ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार) आहे का हे पाहायला रक्त दिले आणि रिपोर्ट नॉर्मल आला. पण त्या रिपोर्टला काही अर्थ नाही. टीटीजी-आयजीए ही सीलिअॅकची रक्ततपासणी ज्या प्रतिपिंडांचा (अँटिबॉडींचा) शोध घेते, ती पोटात ग्लुटेन जात असेल तोवरच भरपूर तयार होतात. ग्लुटेन थांबले की ती हळूहळू उतरतात आणि आजार असूनही कागदावर दिसेनासा होतो.

“बरे वाटतेय ना, मग निदान कशाला?” असे विचारणारे भेटतात. निदान लागते, कारण सीलिअॅक असेल तर पथ्य जन्मभराचे आणि कडक असते. हाडांची घनता, लोह यांच्याकडे लक्ष ठेवावे लागते, सख्ख्या नातेवाइकांचीही तपासणी करून घ्यावी लागते. आणि नसेल, तर एवढे कडक राहण्याची गरज नसते.

ग्लुटेन आधीच बंद केले असेल तर दोन मार्ग उरतात. एक, डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे पुन्हा ग्लुटेन खाऊन मग तपासणी करणे. दुसरा सोपा: एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकीय तपासणी. तिच्यावर आहाराचा परिणाम होत नाही. ही दोन्ही जनुके नसतील तर सीलिअॅक जवळपास नाहीच असे धरता येते. असतील तर मात्र तेवढ्यावरून आजार सिद्ध होत नाही, कारण निरोगी माणसांतही ती बऱ्याच प्रमाणात सापडतात.

याच जातीची दुसरी चूक बायोटिन या बी गटातल्या जीवनसत्त्वाची. केस आणि नखांसाठी ते मोठ्या मात्रेत घेतले जाते. अनेक प्रयोगशाळांची तपासणीची पद्धतच बायोटिनच्या जोडणीवर चालते, त्यामुळे रक्तातले जास्तीचे बायोटिन आकडे बिघडवते. थायरॉइडला काम करायला लावणारे टीएसएच हार्मोन खोटेच कमी आणि थायरॉइडचे स्वतःचे टी४ हार्मोन खोटेच जास्त दिसते, म्हणजे थायरॉइडचे काम वाढल्याचे हुबेहूब चित्र. हृदयविकाराच्या झटक्यात पाहिले जाणारे ट्रोपोनिनही खोटे कमी दिसू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. थायरॉइडच्या तपासणीआधी बायोटिन निदान दोन दिवस बंद ठेवा, मात्रा फार मोठी असेल तर किती दिवस थांबायचे हे विचारून घ्या.

तपासण्यांचे भले मोठे पॅकेज

“मूळ कारण शोधायचे” म्हणून एकदम शंभर तपासण्या करणे शास्त्रीय वाटते. पण प्रयोगशाळेची ‘नॉर्मल’ मर्यादा साधारणपणे निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरते. म्हणजे ठणठणीत माणसाच्याही एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर त्यातली एक तरी मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. त्यात काही ठिकाणी नेहमीच्या मर्यादेपेक्षा अरुंद अशी ‘उत्तम’ मर्यादा लावतात, मग तर कोणीच सुटत नाही.

अन्नाच्या ‘संवेदनशीलते’साठी केल्या जाणाऱ्या आयजीजी चाचण्या तर सरळ टाळा. आयजीजी हे प्रतिपिंड म्हणजे तो पदार्थ शरीराच्या ओळखीचा आहे एवढीच खूण. साहजिकच तुम्ही रोज जे खाता तेच लाल यादीत येते. युरोप, अमेरिका आणि कॅनडातल्या अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी या चाचण्या वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले आहे.

‘अॅड्रिनल थकवा’, म्हणजे ताणाने मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथी दमतात ही कल्पना, हेही असेच एक प्रकरण. हार्मोनतज्ज्ञ त्याला निदान मानत नाहीत. अडचण अशी, की या लेबलखाली खराखुरा अॅडिसनचा आजार (या ग्रंथींचे काम खरोखर मंदावणे), झोपेत श्वास अडखळणे किंवा नैराश्य झाकले जाऊ शकते.

काढलेले पदार्थ परत न घेणे

पदार्थ वगळण्याचा आहार हा खरे तर प्रयोग आहे, आणि त्याचा महत्त्वाचा अर्धा भाग म्हणजे पदार्थ परत आणणे. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने इरिटेबल बॉवेलसाठी (पोटदुखी आणि शौचाच्या रेंगाळणाऱ्या तक्रारींच्या विकारासाठी) विकसित केलेल्या कमी फॉडमॅप आहाराचे, म्हणजे नीट न शोषली जाता आतड्यात आंबणारी कर्बोदके कमी करण्याच्या आहाराचे, तीन टप्पे आहेत: दोन ते सहा आठवडे वगळणे, मग एकेक गट परत आणून पाहणे आणि शेवटी स्वतःपुरती यादी ठरवणे. लोक पहिल्या टप्प्यावरच मुक्काम ठोकतात. बरे वाटत असते, मग कशाला डिवचा? पण त्यामुळे तंतुमय पदार्थ घटतात, आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंची उपासमार होते आणि पुढे चारचौघांत जेवायचीही धास्ती वाटू लागते.

परत आणताना एका वेळी एकच पदार्थ घ्या. पहिल्या दिवशी थोडा, पुढच्या दोन दिवसांत वाढवत नेहमीच्या प्रमाणापर्यंत. मग दोन-तीन दिवस तो थांबवून पुढचा. लक्षणे त्याच दिवशी लिहून ठेवा, आठवणीवर विसंबू नका. दूध, अंडे, शेंगदाणा यांनी पूर्वी अंगावर पित्त उठले असेल, ओठ सुजले असतील किंवा दम लागला असेल, तर हा प्रयोग घरी करायचाच नाही.

दूध बंद, उपवास चालू, तीन सप्लिमेंट्स आणि नवा व्यायाम असे सगळे एकाच सोमवारी सुरू केले, तर पुढे काय लागू पडले हे कोणालाच सांगता येणार नाही. मग भीतीपोटी सगळेच चालू राहते.

औषध आणि आहार यांची फारकत

इथे चूक दोन्ही बाजूंनी होते. बरे वाटले म्हणून औषध परस्पर बंद करणे सगळ्यांना माहीत आहे. उलट बाजूकडे लक्ष कमी जाते: आहार बदलला, औषध तेवढेच राहिले. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असताना कर्बोदके एकदम कमी केली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. मधुमेहाच्याच एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्यांना फार कमी कर्बोदकांच्या आहारात कीटोअॅसिडोसिस (रक्तात धोकादायक आम्ल साचणे) होऊ शकतो, तोही मीटरवर साखर फारशी वाढलेली नसताना. मळमळ आणि उलट्यांकडे मग कोणी गांभीर्याने पाहत नाही.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ नावाच्या वैद्यकीय चाचणीत वजन घटवून ४६ टक्के लोकांचा टाइप २ मधुमेह एका वर्षात आटोक्यात आला, औषधांशिवाय. याचा दाखला खूप दिला जातो. पण त्या लोकांचे निदान सहा वर्षांच्या आतले होते, कोणी इन्सुलिनवर नव्हते आणि मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या देखरेखीखाली पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या.

कधी कधी मूळ कारण औषधातच सापडते. बरीच वर्षे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेतल्याने बी१२ जीवनसत्त्व घटते. पायांना मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा येतो. ही कमतरता शोधायला महागडे पॅकेज लागत नाही. थायरॉइडच्या गोळीबरोबर लोह किंवा कॅल्शियम घेतल्यास गोळी नीट शोषली जात नाही. चार तासांचे अंतर ठेवा.

सप्लिमेंट्सबद्दल थोडे

मुंग्यांसाठी घेतलेले बी६ जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतले तर त्यानेच मुंग्या येतात. ग्रीन टीच्या आणि हळदीच्या सांद्र अर्काच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. प्रौढांनी ड जीवनसत्त्व देखरेखीशिवाय दिवसाला ४००० युनिटच्या वर दीर्घकाळ घेऊ नये. अतिरेकाने रक्तातले कॅल्शियम वाढते. आणि धूम्रपान करणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांपासून लांब राहावे. फिनलंडच्या १९९४ च्या मोठ्या चाचणीत त्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला दिसला.

फेरतपासणीची घाई

एचबीए१सी हा रक्तातल्या साखरेचा गेल्या दोन-तीन महिन्यांचा लेखाजोखा असतो, त्यामुळे पंधरा दिवसांनी तो पाहून निराश होण्यात अर्थ नाही. लोहाच्या कमतरतेत तो खोटा जास्तही येतो. थायरॉइडच्या गोळीची मात्रा बदलल्यावर टीएसएच सहा आठवड्यांनी पाहावे.

हे सगळे करण्याआधी एक चाळणी लावा. वजन न घटवता घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, गिळताना अडकत असेल, रात्री घामाने कपडे भिजत असतील किंवा पन्नाशीनंतर पोटाची तक्रार नव्यानेच सुरू झाली असेल, तर कोणताही पदार्थ वगळून वाट पाहू नका. आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.